चुलीमागं एक राय

कापूस वेचून घरी आलं की मनकर्णा आधी बोटांना करडीचं तेल चोळायची. बोंडांची सुकलेली टोकं नखांच्या कडेला घुसतात, कातडं फाटतं, आणि रात्री भाकरी थापताना पिठाचं पाणी त्यात शिरलं की डोळ्यांत टचकन पाणी येतं. कार्तिक निम्मा सरला होता. किशनरावांच्या शिवारातली दुसरी वेचणी चालू होती आणि गावातल्या सगळ्या बायांचे हात सारखेच फाटलेले होते.

आमची लिंबथडी गोदावरीच्या काठाला. सोनपेठच्या बाजाराहून सकाळी चालत निघालं तर उन्हं डोक्यावर येईस्तोवर माणूस गावात पोचतं. निजाम सरकारचा अंमल, वर लढाईचे दिवस, त्यामुळं कापसाला कधी नव्हे तो भाव आलेला. पण त्या साली पाऊस पोळ्यालाच गेला. ज्वारी गुडघ्याएवढी राहिली. कडबा होणार नाही हे आंधळ्यालाही दिसत होतं. गवत म्हणून जे काही उरलं होतं ते गावच्या गायरानात, नदीपासून टेकाडापर्यंत. त्याच्या जिवावर आमची गुरं उभी होती.

आणि तेच गायरान किशनरावांना पाहिजे होतं. दोनशे एकरांचा धनी, तरी भूक भागत नव्हती. नांगरून कापूस लावायचा म्हणत होता.

मनकर्णाच्या घरी एक म्हैस होती, पाच महिन्यांची गाभण, दोन बैल आणि चार शेळ्या. रान म्हणाल तर तीन एकर मुरमाड, त्यात पोटापुरती ज्वारी होणंही मुश्कील. घर चालायचं ते म्हशीच्या तुपावर आणि नवऱ्याच्या भाड्याच्या औतावर. नवरा आश्रुबा. माणूस वाईट नव्हता. कुणी जोरात बोललं की हो म्हणायचा, आणि दुसरा त्याहून जोरात बोलला की त्यालाही हो म्हणायचा, एवढंच.

दिवाळीनंतर तहसिलीहून गिरदावर, जमीन-महसुलाचा अंमलदार, आला आणि चावडीत हुकूम वाचून दाखवला. गावानं आपला एक मुख्य पंच निवडायचा. गायरान पट्ट्यानं द्यायचं का गुरांना ठेवायचं, हे तो पंच कळवील तसं सरकार करणार. निवडायची रीतही गिरदावरानंच सांगितली. दर चुलीमागं एक राय, म्हणजे एक मत. चूल वेगळी तर राय वेगळी. एकेका चुलीला एकेक चिंचोका मिळणार. चावडीच्या आतल्या खोलीत घोंगडीच्या पडद्याआड दोन मडकी ठेवायची, चुन्याचं बोट ओढलेलं किशनरावांचं आणि तांबड्या कावेचं बोट ओढलेलं शिवमूर्तीअप्पांचं. चिंचोका कुणी कुठं टाकला ते कुणाला दिसणार नाही.

शिवमूर्तीअप्पा म्हणजे गावातले लिंगायत वाणी, मीठ-मिरचीचं दुकान आणि थोडी शेती. गायरानाला हात लावू देणार नाही, असं त्यांनी महादेवाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं होतं.

"आन् बाई मानूस एकलीच राहात आसंल, चूल येगळी आसंल, तर?" मागून कुणीतरी विचारलं.

गिरदावर हसला. "बेवा औरत का चूल्हा भी चूल्हा है. विधवा बाईची बी राय धरायची."

हे ऐकून सगळ्यात जास्त उभारी आली ती दगडाबाईला.

दगडाबाई आश्रुबाची विधवा आई. घराला लागून पडवी होती, तिथं ती चार वर्षं वेगळी राहत होती. भांडणाचं कारण सांगायलाही लाज वाटावी असं. सून लोणी काढून घेते आणि मला नुसतं पाणचट ताक देते, असं म्हातारीनं एकदा शेजारणीसमोर म्हटलं. मनकर्णानं ते ऐकलं आणि ताकाचं गाडगंच अंगणात ओतलं. म्हातारीनं त्याच दिवशी तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवली. तेव्हापासून दोघी एकाच अंगणात झाडायच्या, एकीचा झाडू दुसरीच्या हद्दीत जात नव्हता.

पण गिरदावर येऊन गेल्यापासून म्हातारी आपण होऊन बोलायला लागली.

"मनकर्णे, ऐकलंस का? सत्तर वर्सं झाली असतील माज्या जल्माला. बापानं इचारलं न्हाई, नवऱ्यानं इचारलं न्हाई, लेकानं तर न्हाईच न्हाई. आन् आता सरकार इचारायलंय, दगडाबाई, तुजं म्हननं काय हाय."

"मग काय सांगनार सरकारला?" मनकर्णानं पाटी खाली ठेवत विचारलं.

"गुरांच्या तोंडचा घास काढू नका म्हनून सांगनार. दुसरं काय! आपल्या घरच्या दोन राया अप्पाला. तुमची एक, माजी एक."

मनकर्णाला हसू आलं. पण बरंही वाटलं.

राय पडायला तीन-चार दिवस उरले आणि म्हातारीला हिव भरलं. त्या दिवसांत नदीकाठची निम्मी गावं हिवतापानं कुडकुडत होती, त्यात नवल काही नव्हतं. मनकर्णा दिवस बुडता वेचणीवरून आली. कंबर धरलेली, ओटीच्या गाठीनं पोटावर वळ उठलेला. पडवीतून दातांवर दात आपटल्याचा आवाज येत होता. आत गेली तर म्हातारी गोधडीत गोळा होऊन पडलेली, चूल विझलेली, पाण्याचा तांब्या कलंडलेला.

"आत्या, आवं आत्या."

"जा गं बाई. तुज्या घरी जा. मला काय झालं न्हाई."

"झालं न्हाई म्हनं! अंग बघा, तवा तापल्यावानी लागायलंय."

मनकर्णानं आश्रुबाला हाक मारली. तो बैलांना पाणी पाजत होता, आलोच म्हणाला आणि आला नाही. शेवटी तिनं एकटीनंच सासूला काखेत धरून उचललं. म्हातारी हलकी होती, तरी दिवसभर वाकलेल्या कंबरेला ते ओझं सोसवेना. आपल्या घरात चुलीशेजारी तिला निजवलं, कण्या शिजवून पाजल्या, गुळवेलीचा काढा दिला. दुसऱ्या दिवशी वेचणीवर जाताना शेजारच्या सुमनबाईला सांगून गेली. चार वर्षांचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. रागवायलाही अंगात बळ लागतं.

एका शेळीला नुकतंच करडू झालेलं होतं. रात्री थंडी पडायची म्हणून मनकर्णानं ते पडवीत नेलं. पडवीत वारा लागत नव्हता. कोपऱ्यात म्हातारीच्या चुलीच्या जागी राख मऊ होती, तिथंच चुलीच्या एका दगडाला तिनं करडू बांधलं. दुसरे दोन दगड दाराला लावले, कुत्रं शिरू नये म्हणून. कोणतीही शहाणी बाई हेच करील.

राय पडायच्या दिवशी किशनरावांनी वेचणी बंद ठेवली नाही. मुकादम मुंजाजी दिवस उगवायच्या आत गल्लीतून ओरडत गेला, "औतवाल्यांनी आधी चावडीत चिंचोका टाकून यायचं आन् मग रानात. मालकाचं काम खोळंबायला नगं." आश्रुबा सगळ्यांच्या आधी गेला. चिंचोका टाकला आणि तसाच रानात निघून गेला.

मनकर्णानं त्या दिवसाची मजुरी बुडवली. म्हातारीचा ताप उतरला होता, पण पायात त्राण नव्हतं. तिला ठेवणीतलं लुगडं नेसवलं, डोक्यावर पदर दिला आणि हाताला धरून चावडीत नेलं. वाटेत दोनदा बसावं लागलं. दगडाबाईच्या चेहऱ्यावर तरीही असा थाट होता की जणू नातवाचं लग्न आहे.

चावडीत गर्दी होती. गिरदावर जाजमावर लोडाला टेकून बसला होता, शेजारी पटवारी. चिंचोके परातीत. पटवाऱ्यानं एक चिंचोका उचलून म्हातारीच्या हातावर ठेवला. तिनं मूठ मिटली.

"थांबा," मुंजाजी पुढं आला. "हुजूर, ह्या बाईची चूल येगळी न्हाई. लेकाच्या घरात जेवती ती. लेकाची राय सकाळीच पडली."

"कोन म्हनतं? चार वर्सं झाली येगळी हाय मी," दगडाबाई म्हणाली.

"काल कुठं जेवलीस, सांग की."

म्हातारीनं मूठ आणखी घट्ट मिटली. तिला खोटं बोलता यायचं नाही. भांडता यायचं, शिव्या देता यायच्या, पण खोटं नाही.

गिरदावरानं मनकर्णाकडं पाहिलं. "क्यों बाई? सासूची चूल येगळी हाय का?"

सगळी चावडी तिच्याकडं बघत होती. तिला गायरान दिसत होतं, म्हैस दिसत होती. "येगळी हाय," ती म्हणाली. "पडवीत हाय. रोज पेटती."

गिरदावरानं शेतसिंध्याला पाठवलं. गावकामगार तो, उठला आणि निघाला. त्याच्यामागं चार रिकामटेकडे गेले. मनकर्णा खांबाला धरून उभी राहिली. करडू तिला तेव्हा आठवलं.

ते परत आले तेव्हा लांबूनच हसत होते. शेतसिंध्यानं करडू काखेत धरून आणलं होतं. "हुजूर, चुलीत हे घावलं. ह्याची राय घ्यायची का?"

आख्खी चावडी हसली. अप्पांच्या बाजूची माणसंही हसली. गिरदावर हसला नाही, नुसता मान हलवून म्हणाला, "झूट बोलती. ले लो."

पटवाऱ्यानं हात पुढं केला. दगडाबाईनं मूठ उघडली नाही. मुंजाजीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. तापानं वाळलेली बोटं, त्यांत जोर तो कसला असणार! चिंचोका परातीत पडला. मनकर्णानं एका हातात करडू घेतलं, दुसऱ्या हातानं सासूला धरलं आणि दोघी घरी आल्या.

दिवस कलला तसं मडकी फोडली. किशनरावांना एकसष्ट चिंचोके. अप्पांना साठ. दोनदा मोजले, तिसऱ्यांदा अप्पांनी स्वतः मोजले. एका चिंचोक्यानं गायरान गेलं.

आता बघा गावाची तऱ्हा. काही चुली रायेला आल्याच नव्हत्या. कुणी बाजाराला गेलं, कुणी पाहुण्याला. एकसष्ट जणांनी तर चुन्याच्या मडक्यात हात घातलाच होता. पण पडद्याआड काय झालं ते कुणाला दिसत नव्हतं, आणि करडू सगळ्यांना दिसलं होतं. म्हणून दोष कुणाचा? मनकर्णाचा.

"चार वर्सं सासू नकोशी व्हती, आन् नेमकी आत्ताच हिला माया फुटली," पाणवठ्यावर कमलबाई म्हणायची. कमलबाई सटवाजीची बायको, पाच म्हशींची मालकीण, तोंडाची फटकळ. "करडू बांधायला दुसरी जागाच गावली न्हाई बाईला! दोन दिस दम धरवंना? म्हातारीची राय पडली असती तर बरोबरी झाली असती. मग चिठ्ठ्या टाकल्या असत्या, महादेवाच्या मनात असतं तर गायरान वाचलंबी असतं."

मनकर्णा घागर भरायची आणि निघून जायची. करडू तिनंच बांधलं होतं. खोटंही तीच बोलली होती.

मार्गशीर्षात गायरानाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. गुरं रोजच्या वाटेनं जायची, काट्यांशी थांबायची आणि वळवली तरी वळायची नाहीत. मनकर्णा पहाटे उठून नदीच्या पात्रात उतरायची, थंड पाण्यात मांड्यांपर्यंत उभी राहून लव्हाळं कापायची, भारा डोक्यावर घेऊन चढ चढायची आणि मग वेचणीला जायची. लव्हाळ्यानं म्हशीचं पोट भरत नव्हतं. बरगड्या दिसायला लागल्या. एका सकाळी म्हशीनं गाभ टाकला. दाव्याला मान लावून ती दिवसभर हंबरत राहिली आणि मनकर्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. त्या दिवशी ती वेचणीला गेली नाही आणि ढसाढसा रडली.

दगडाबाई एव्हाना हिंडती-फिरती झाली होती, पण पडवीत परत गेली नव्हती. संध्याकाळी ती सुनेजवळ येऊन बसली.

"गाव बोलतंय ते मनावर घिऊ नको."

"खरंच बोलायलेत की आत्या. मी तुमाला घरात आनलं नसतं तर..."

"तर मी मेले असते. मेलेल्या बाईची राय कोन धरतंय? गेलीच असती ती." म्हातारीनं म्हशीच्या तोंडापुढचं लव्हाळं हातानं सारखं केलं. "तू मला उचललंस ते बरंच केलंस. ह्यापरीस जास्ती मला काय बोलायचं न्हाई."

पौषात किशनरावांनी गायरान नांगरायला काढलं. सहा बैली जड नांगर, तीन घरच्या जोड्या जुंपलेल्या. आश्रुबालाही त्याच्या जोडीसकट बोलावणं आलं. अप्पांच्या बाजूच्या एकाही औतवाल्याला आलं नव्हतं, यालाच कसं आलं, हे मनकर्णाच्या मनात तेव्हा आलं नाही. काम आलं याचंच बरं वाटलं.

दुपारी ती भाकरी घेऊन गेली. काटे सारून कुंपणाच्या आत शिरली. टेकाडाकडची बाजू उलथून पडली होती. गवताची मुळं वर, पांढरी, उन्हात सुकत असलेली. ढेकळं एवढाली की चालताना पाय मुरगळावा. बैलांच्या तोंडाला फेस आला होता.

मुंजाजी बांधावर बसून चिलीम ओढत होता. तिला बघून म्हणाला, "ये बाई. मालकानं आश्रुबाला पयल्या दिसापास्नं काम दिलंय बघ. मालक आपल्या मानसाला इसरत न्हाई."

"आपल्या मानसाला?"

"मग! त्या दिशी पयला चिंचोका चुन्याच्या मडक्यात ह्यानंच टाकला. मला येऊन सांगितलं की त्यानं." मुंजाजी चिलीम झाडत उठला आणि दुसऱ्या औताकडं गेला.

आश्रुबा बाभळीखाली बसला होता. मनकर्णानं फडकं सोडलं, भाकरी आणि ठेचा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं घास मोडला पण तोंडात घातला नाही.

"खरं हाय का?" तिनं विचारलं.

त्यानं मोडलेला घास परत भाकरीवर ठेवला. "मला वाटलं, आईची राय हायच की अप्पाला. एक इकडं, एक तिकडं. कुनाच्याच वाईटात जायला नगं. कामबी राहील, गायरानबी राहील. एका चिंचोक्यानं काय व्हतंय, असं वाटलं."

"आन् आत्याची राय गेली तवा?"

"तवा माजा टाकून झाल्ता."

मनकर्णा हिशेब करत बसली. ती कधी शाळेत गेली नव्हती, पण एवढा हिशेब तिला येत होता. त्याचा चिंचोका कावेच्या मडक्यात पडला असता तर किशनरावांचे साठ आणि अप्पांचे एकसष्ट. म्हातारीची राय नसती तरी चाललं असतं. चिठ्ठ्यांचीही गरज नव्हती.

"दोन महिने बाया मला बोलायल्यात," ती म्हणाली. "पानवठ्यावर, रानात, जात्यावर. तुमी रोज ऐकायलाव. एकदा तरी तोंड उघडायचं."

"काय सांगू? कसं सांगू?"

तिला आरडाओरडा करावासा वाटला. पण लव्हाळ्याच्या भाऱ्यानं मान अवघडली होती, पाय ठणकत होते, आणि ओरडून गवत परत येणार नव्हतं. "खा," ती म्हणाली. "बैलं उभी हायती." फडकं झटकून ती उठली.

घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. जे झालं ते, काही न वाढवता. दगडाबाई तूर पाखडत होती. सूप तसंच हातात राहिलं.

"माज्या पोटचा," ती म्हणाली. मग, "त्यानं माज्या जिवावर दुसरीकडं टाकली. आन् मी त्याच्या जिवावर मिरवत गेले चावडीत." तिनं सूप खाली ठेवलं. "उद्या पान्याला जाशील तवा सांग समद्यांना."

"कसं सांगू आत्या? धनी हायत माजे."

"नाव घिऊन सांग. मी त्याची आई हाय, मी सांगायलेय. दोन महिने तुजं नाव घेतलं गावानं, आता त्याचं घेऊ दे."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर नेहमीच्याच बाया होत्या. पौषातली थंडी, सगळ्यांच्या तोंडून वाफ. मनकर्णा पायऱ्या उतरली तशी कमलबाईनं सुमनबाईला कोपरानं ढोसलं. "आली बघा करडूवाली."

मनकर्णानं घागर पायरीवर ठेवली. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला.

"आश्रुबानं चुन्याच्या मडक्यात टाकला," ती म्हणाली. "माज्या नवऱ्यानं. आश्रुबानं. त्याला वाटलं, एका चिंचोक्यानं काय व्हतंय. आता बोला काय बोलायचं ते. मला बोला, त्याला बोला. पर समदा दोस निसत्या करडावर घालू नका."

बाया दचकल्याच. भरल्या पाणवठ्यावर बाई नवऱ्याचं नाव घेते, तेही असं! सुमनबाईनं तोंडावर पदर धरला.

मनकर्णा कमलबाईकडं वळली. आवाजात राग नव्हता, ती फार दमली होती. "कमलबाई, त्या दिशी तुमचे धनी कुठं व्हते?"

कमलबाईनं घागर उचलली, परत खाली ठेवली. तिच्या पाच म्हशींपैकी दोन गेल्याच आठवड्यात कसायाच्या दलालाला दिल्या होत्या, ते सगळ्यांना माहीत होतं.

"सोनपेठच्या बाजाराला," ती खाली बघत म्हणाली. "दोर आनायला. मी म्हन्लं व्हतं, राय टाकून जावा. तर म्हन्ले, एवढं गाव हाय टाकायला, माज्या एकल्याच्यानं काय अडतंय."